कडेचा चिंचोका
काल बांगड्या भरून आलेली नात कौतुकाने म्हणाली, “आजी, मैत्रिणींत माझंच माप सगळ्यांत लहान!” आणि मला जयगडची आमची पडवी आठवली. मुंबईचा माल आगबोटीने यायचा तेव्हाची गोष्ट. शिमगा झाला की कासार येई. सारवलेल्या जमिनीवर तो नमुन्याच्या बांगड्या ओळीने मांडी, लहान मापापासून मोठ्यापर्यंत, आणि एकेकीला बांगड्या भरल्या की तिच्या मापापुढे एक चिंचोका ठेवी. वाडीतल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या भरून होईपर्यंत मधल्या मापांपुढे चिंचोक्यांच्या लांब रांगा लागत, कडेला आखूड. पुढच्या खेपेला कुठलं माप किती आणायचं ते त्याला एका नजरेत दिसे. त्या वर्षी अगदी कडेला, सगळ्यांत लहान मापापुढे, एकच चिंचोका पडला. तो माझ्या थोरल्या जावेचा. आदल्या वर्षी ती मधल्या रांगेत होती, माझ्याच मापाची. “काय गो, हात कसा कोवळा झालाय, नव्या नवरीसारखा!” सासूबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. जाऊही लाजून हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. कासार म्हणाला, “हे माप कुणी मागत नाही, पण वहिनींसाठी पुढच्या खेपेला मुद्दाम आणतो.” आणलंही त्याने, हिरव्यागार काचेचं. भरायला तो हात राहिला नव्हता. चिंचोके तर आम्ही सगळ्यांनीच बघितले होते. एवढ्या बायकांतल्या एकीनेही तिला जे विचारलं नाही, ते काल मी नातीला विचारलं, “अगो, अन्न जातं ना तुला?”