एक मग, गाळून

चहा गार झाला तर होऊ द्या, पण हे माझ्याच तोंडून ऐका. सूनबाई सांगायला बसली तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल. तशी उरली आहे कितीशी म्हणा!

आमची सून रोहिणी गच्चीवर पाइपात पालक लावते. माती नाही, टाकीतून पंपानं फिरवलेलं नुसतं पाणी! खत म्हणजे गोबरगॅसमधून निघणारं शेणपाणी, स्लरी म्हणतात ती, फडक्यानं गाळून पातळ केलेली. सगळं निमगाव हसलं. सगळ्यात जास्त मी हसलो.

एकदा ती दोन दिवस माहेरी, सांगवीला गेली. येताना तिकडच्या बचत गटाच्या बायकांना पालक बघायला आणणार होती. त्यांना पटलं तर शिकवायचं काम तिला मिळणार होतं.

"आबा, टाकीत रोज एक मग. गाळून. जमंल न्हवं तुमाला?"

"अगं, चाळीस वर्सं ऊस केलाय म्या!"

तिथंच घात झाला. ऊसवाल्याला मग दिसतच नाही हो, बादली दिसते. एवढ्याशानं काय होतंय, म्हणून अख्खी बादली ओतली. न गाळता.

सकाळी पंप बंद, पाइप तुंबलेले आणि पालकानं माना टाकलेल्या. खोटं कशाला बोलू, रडूच आलं. पोरीनं पहिल्यांदाच माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं.

नशिबानं बाजाराचा दिवस होता. मुळासकट पालकाच्या जुड्या आणल्या, मेलेला पालक कोपऱ्यात दडवला, पाइप धुतले आणि भोकाभोकात एकेक रोप खोचलं. लांबून बघाल तर फोटो काढावा असं!

दुपारी रोहिणी बायकांना घेऊन आली. मी गप्प बसावं की नाही? पण मीच पुढं झालो.

"बघा, मातीचा कण न्हाय!" म्हणत एक रोप उपसून वर धरलं.

मुळाला काळ्या मातीचं ढेकूळ. ढेकळातून अर्धं बाहेर आलेलं गांडूळ. मुळं धुवायची राहिलीच होती.

एक म्हातारी जवळ आली. "आबा, ह्ये पाण्यात पवतंय व्हय?"

मी म्हणालो, "सवय लावलीय."

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या, स्लरीच्या चोथ्यानं माखलेल्या पालकाकडं. आणि शांतपणे म्हणाली, "बायांनो, स्लरी न गाळता वतली की काय हुतं, त्ये आबांनी तुमच्यासाठी मुद्दाम करून ठिवलंय."

बायकांना एवढं पटलं की शिकवायचं काम तिलाच मिळालं. आता सारखे कुठलेतरी गट येतात. सून आधी पालक दाखवते, मग मला.