बोंगसूंचा हात आणि मागच्या गॅलरीतला नळ

सोराच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. दोन्हीकडची मंडळी हॉटेलात समोरासमोर बसलेली, सगळ्यांचे कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून कडक. सूप आलं आणि मुलीचा बाप गायब! शोधाशोध झाली. सोराचे बाबा टाक बोंगसू हॉटेलच्या मोरीत सापडले, कोटाची बाही कोपरापर्यंत वर करून गळका नळ आवळताना. "दोन मिनिटं द्या," ते म्हणाले, "वॉशर गेलाय." होणाऱ्या विहीणबाईंनी तेव्हा जो चेहरा केला, तो त्यांच्या चेहऱ्यावरून अजून उतरलेला नाही.

आता त्या माणसाला तरी काय बोलणार? उभा जन्म कोरियातल्या चुनचॉन शहरातले पाण्याचे मीटर वाचण्यात गेलेला. लोखंडी झाकण उचलायचं, पालथं पडून आकडा बघायचा आणि मग घरच्या बाईला दारात बोलावून झापायचं, "काकू, तुमचा नळ ठिबकतोय, ऐकू येत नाही का?" बायका त्यांना लांबून येताना बघूनच नळ बंद करायच्या. घरी सोरा दात घासायला एक पेला पाणी घ्यायची, अर्धा उरला तर तोंड धुवायची. निवृत्त झाले, मीटर सुटले, पण सवय कुठे जाते? नळाजवळून गेले की हात आपला पुढे जाणारच.

त्या जानेवारीत थंडीने कहर केला. इमारतीच्या कचेरीतून घराघरातल्या भोंग्यावर रोज सूचना यायची. कपडे धुण्याची यंत्रं लावू नका, नळ दोऱ्याएवढा सोडून ठेवा. बोंगसूंची बायको ओकबुन हे ऐकून थेट मागच्या गॅलरीत घुसली. घरातली जमीन खालून छान तापायची, पण ती ऊब गॅलरीच्या दाराशी संपायची. दारापलीकडे नुसता बर्फाचा कारखाना. आणि नेमका तिथेच बॉयलर, तिथेच धुण्याचं यंत्र, कांद्याचं पोतं आणि किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचे, डबे.

ओकबुनने बॉयलरच्या नळ्या नखशिखान्त गुंडाळल्या. जुनी गोधडी संपली तेव्हा नवऱ्याची लोकरीची बंडी घेतली, मग त्याच्या आतल्या गरम विजारी.

"अगं, मी काय घालू?" बोंगसूंनी विचारलं.

"तुम्ही गोठलात तर निदान ओरडाल तरी. नळी बिचारी मुकाट्याने फुटते."

मग तिने गॅलरीतला नळ गरम पाण्याच्या बाजूला वळवला आणि बारीक धार सोडली. पाणी बॉयलरमधून खेळतं राहिलं की आतली नळी गोठत नाही, हे बोंगसूंना काय माहीत नव्हतं? त्यांनीच शंभर घरी सांगितलेलं. पण स्वतःच्या घरात ती धार ऐकणं म्हणजे कानात कोणी सुई फिरवतंय असं त्यांना होत होतं.

"सोराचे बाबा," ओकबुन बोट नाचवत म्हणाली, "या नळाला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे. पोरगी बाळाला घेऊन येतेय. गरम पाणी नसेल तर आंघोळ कसली घालणार त्या जिवाला? विहीणबाई टपूनच बसल्यात. त्यांच्या नव्या घरात म्हणे गॅलरीसुद्धा तापते. एक कारण मिळू दे, पोरीला तिकडेच ठेवून घेतील."

लग्नानंतर सोरा येऊन-जाऊन असायची. जेवायची, डबे भरून घ्यायची आणि गाडीत बसायची. बाळंतपणाच्या निमित्ताने ती चांगले काही आठवडे राहणार होती. बोंगसूंनी एकट्याने तिची खोली पुसून काढली होती, बाळासाठी पाळण्यावर लावायचं भिरभिरं आणलं होतं आणि ते फिरतं का बघायला दिवसातून कितीदा तरी फुंकर मारून आले होते. ही पोर आली नसती तर त्यांना फार लागलं असतं.

"नाही लावत हात," ते म्हणाले. "शपथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकबुनची किंकाळी ऐकू आली. गॅलरीत शांतता होती. नळ कोरडा. स्वयंपाकघरात गरम पाण्याचा नळ सोडला तर तो नुसताच खाकरला.

"बंद कोणी केला?"

"मी नाही!"

"मग काय भुताने केला?"

"अगं शपथ घेतली होती ना मी! काल संध्याकाळी तू सांगितलंस म्हणून फक्त किमची काढायला गेलो. दार उघडलं, डबा उचलला, डाव्या हातात धरला, आणि..."

बोंगसू थांबले. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. हात गरीब चेहरा करून गुडघ्यावर बसला होता.

"आणि?" ओकबुन.

"आणि... केला असेल याने."

तेवढ्यात फोन वाजला. सोरा गाडीतूनच बोलत होती. "आई, निघालोय आम्ही. सासूबाई विचारतायत, तुमच्याकडे पाणीबिणी गोठलं नाही ना? गोठलं असेल तर परत फिरा म्हणतायत."

"छे गं! झकास आहे सगळं," ओकबुन गोड आवाजात म्हणाली आणि फोन ठेवून तिने नवऱ्याकडे असं बघितलं की बाहेरची थंडी बरी.

मग सुरू झाली धावपळ. बोंगसूंनी स्वतःच्या विजारी नळीवरून सोडवल्या, गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळले, ते गार झाले की पुन्हा पिळले. ओकबुनने उकळतं पाणी थेट ओतायला आणलं तर ओरडले, "तडकेल ती!" मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन स्टुलावर बसले. स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही, पण ड्रायर असा फिरवत होते, जणू नळीला लग्नाला जायचंय. कान लाल, नाक लाल, अंगात बंडी नाही. तोंडाने पुटपुटत होते, "ये गं बाई, ये. माझी चूक झाली. पुन्हा नाही करणार. पोरगी यायच्या आत ये."

पोरगीच आधी आली. दारात जावई पिशव्या सावरत, सोरा दमलेली, आणि तिच्या छातीशी गुंडाळलेलं एवढंसं लाल तोंड.

"बाबा कुठेयत?"

"गॅलरीत," ओकबुन म्हणाली. "नळाची क्षमा मागतायत."

आणि तेव्हाच नळ खाकरला. एक शिंक दिली, गंजकट थेंब उडवले, पुन्हा थांबला, आणि मग धार लागली. आधी गार, मग कोमट, मग वाफाळती. ओकबुनने टाळ्याच वाजवल्या. बोंगसू ड्रायर हातात धरून तसेच स्टुलावर बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण विचारलं असतं तर वाफ गेली म्हणाले असते.

दुपारी बाळाची आंघोळ झाली, सोरा बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं सूप पोटभर प्यायली. ओकबुनने विहीणबाईंना फोन लावून चार वेळा 'गरम पाणी' हा शब्द घातला. बाळ झोपलं. सोरा रिकामं भांडं घेऊन गॅलरीत आली. बोंगसू तिथे कांदे निवडत असल्याचं नाटक करत पुन्हा सोडलेल्या बारीक धारेच्या पहाऱ्यावर होते.

"बाबा, आत चला ना, कुडकुडताय," ती म्हणाली. म्हणता म्हणता, नळाकडे न बघताच, तिने हात लांबवला आणि नळ घट्ट बंद केला.

"अगं ए! हात काढ!"

जन्मात कधी ते पोरीवर असे ओरडले नव्हते. आत बाळ दचकून जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. ओकबुन धावत आली. सोरा आपल्या हाताकडे बघत उभी होती, अगदी बाप सकाळी बघत होता तशीच.

"मी... मी कुठे केला? आपोआप झाला. तुम्हीच तर लहानपणी..."

ओकबुनला हसू आवरेना. ती दाराला धरून खालीच बसली. बोंगसू मात्र हसले नाहीत. त्यांनी पोरीचा हात अलगद बाजूला केला, नळ पुन्हा उघडला, धार दोऱ्याएवढी झाली. आत बाळ अजून रडत होतं.

मग आयुष्यभर नळ आवळत आलेल्या टाक बोंगसूंनी तो नळ आपल्या हाताने आणखी थोडा सोडला.