चादरीखालचा हात

दवाखान्यात तिला सगळे हातमावशी म्हणत. डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिचं काम एकच, टेबलावरच्या माणसाचा हात धरून बसायचं. डोळा बधिर केलेला असतो, पण माणूस टक्क जागा असतो. तोंडावर हिरवी चादर, तिला डोळ्यापुरतं भोक. हलायचं नाही, खोकायचं नाही. ठसका येणार असं वाटलं की हात दाबायचा, मग मावशी सांगणार, "साहेब, थांबा." ऐकायला किती सोपं! करून बघा एकदा. घाबरलेला माणूस पंजा असा आवळतो की संध्याकाळी मावशीला स्वतःचे केससुद्धा विंचरवत नसत.

या कामाला एक पोटकाम होतं, ते मात्र नोकरीवर घेताना कुणी सांगितलं नव्हतं. लोक यायचे मोठ्या साहेबांच्या नावावर. सुरुवात साहेब करत, मग जागा शिकाऊ डॉक्टरला देत आणि शेजारी बसून दुसऱ्या भिंगातून बघत. शिकाऊने आत तोंड उघडायचं नाही, असा रिवाज. बोलायचे ते साहेबच, "छान. असंच." पेशंटला वाटे, साहेब स्वतःशीच बोलतायत. जागा बदलताना साहेबांचं स्टूल करकरायचं, म्हणून नेमकं तेव्हा मावशी विचारायची, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" माणूस लेकी-सुना-नातवंडं सांगायला लागला की स्टुलाकडे कुणाचं लक्ष जातंय? आणि कुणी विचारलंच, "साहेबच करतायत ना?" तर उत्तर ठरलेलं, "हो, साहेबच." म्हणून म्हणून तो शब्द इतका गुळगुळीत झाला होता की जिभेला जाणवतही नसे.

हे सगळं चुकीचं आहे असंही तिला छातीठोक म्हणता येत नव्हतं. शिकाऊंनी शिकायचं कुठे? साहेबांचा हातही कधीतरी कुणाच्या तरी डोळ्यावरच बसला असणार. "पण मग माणसाला आधी विचारावं की," असं ती एकदा म्हणाली होती. साहेब म्हणाले, "मावशी, विचारलं तर हो कोण म्हणेल?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती गप्प बसली. दमलेल्या माणसाला गप्प बसणं सोपं जातं.

मग आक्काला मोतीबिंदू झाला. आक्का ही थोरली बहीण. आई गेल्यावर मावशीला तिनेच वाढवलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी ती बाहेर ओळीत पहिली बसली होती, डोळ्यात थेंब, भुवईवर शाईची खूण. आणि नर्स नुकतीच सांगून गेली होती की आजचं पहिलं ऑपरेशन शिकाऊ मुलीला द्यायचंय.

"साहेबच करणार ना गं?" आक्काने विचारलं.

तो गुळगुळीत शब्द ओठांपर्यंत आलाच होता. पण आक्काशी बोललेलं खोटं मावशीला आजवर एकदाही पचलं नव्हतं.

"नाही आक्का. एक शिकणारी मुलगी आहे. हात बरा आहे तिचा. साहेब शेजारीच असतात."

"मग शिकू दे की. माझ्यावर कशाला? दुसरं कुणी नाही का?"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मावशीला राग आला, आक्काचा नव्हे, स्वतःचा. कारण मनातून तिलाही तेच हवं होतं. साहेब हात धूत होते, तिथे जाऊन तिने सगळं सांगून टाकलं. साहेब चिडले नाहीत. तेही दमलेलेच होते.

"तुमची बहीण आहे, मी करतो," ते म्हणाले. "पण बाकीच्यांना सांगत सुटू नका. नाहीतर ही पोर शिकायची कशी? तिला पुढचं देतो."

"नाही सांगणार," मावशी म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिची तिलाच लाज वाटली.

आक्काचं ऑपरेशन सुरेख झालं. स्टूल करकरलं नाही, मावशीने काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर डोळ्यावरची पट्टी सावरत आक्का म्हणाली, "तू होतीस म्हणून बरं. ज्याचं आत कुणी नाही, त्याने काय करावं गं?"

"डोळ्याला हात लावू नकोस," मावशी म्हणाली आणि आत गेली.

पुढची एक म्हातारी होती, एकटीच आलेली. तिचा हात थंड आणि खरखरीत होता. तो आवळत नव्हता, नुसता मावशीच्या पंजात पडून होता. मावशीने ठरवून टाकलं, हिने विचारलं तर खरं सांगायचं. साहेब काय करायचं ते करोत. विचार बाई, एकदा विचार.

म्हातारीने विचारलं ते भलतंच. "ताई, शेवटपर्यंत धराल ना हात?"

"धरेन."

"मग मला कसली भीती नाही."

समोर शिकाऊ मुलीचे डोळे मास्कवर भेदरलेले दिसत होते. साहेबांनी सुरुवात करून दिली आणि मावशीकडे पाहिलं. मावशी चादरीजवळ वाकली.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कुणीच नाही हो," म्हातारी म्हणाली आणि गप्प झाली. त्या शांततेत स्टूल लांबलचक करकरलं.

पहिल्यांदाच म्हातारीने हात दाबला. मावशीने चादरीला कान लावला.

"कोण उठलं, ताई? साहेब गेले का?"

साहेब मावशीकडे बघत होते. मुलीच्या हातातलं टोकदार हत्यार डोळ्यावर येऊन थांबलं होतं. आत्ता ही दचकली, मान हलली, तर डोळा गेला. खरं सांगायची वेळ ही बाहेर खुर्चीवर बसली होती तेव्हाची होती, आणि ती वेळ मावशीने आक्कावर खर्च केली होती.

"कुणी नाही," ती म्हणाली. "साहेबच आहेत."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि तिने हात सैल सोडला. मावशीला मात्र तो सैल धरता येईना.