काढून ठेवलेली डबी

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात घानिमला सगळे डॉक्टर म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्यानं तिथे पंप उघडले आणि बसवले. त्यानं बसवलेला पंप त्याच कारणासाठी पुन्हा उघडावा लागला, असं कधी झालं नाही. हे तो स्वतः कुणाला सांगत नसे, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर अडवतही नसे.

आखातातल्या मुहर्रकला राहणारा, पन्नाशीचा, बुटका, जाड बोटांचा माणूस. थोरल्या मुलाच्या नावावरून लोक त्याला बू शाहीन, म्हणजे शाहीनचा बाप, म्हणायचे. मुलं लग्नं होऊन आपापल्या घरी गेली, तेव्हा त्याच्या हातांना शुक्रवारच्या सुट्टीत काहीतरी काम लागायला लागलं. पुलाजवळच्या खाडीत दर शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, रिमोटवर चालणाऱ्या बोटींच्या शर्यती होत. एकदा सहज बघायला गेला आणि तिथलाच झाला.

बोट त्यानं ईसा टाऊनच्या जुन्या बाजारात उचलली. नायट्रो इंधनावर चालणारी, हातभर लांब, फायबरची, लाल रंग उडालेली. घरात आणली तेव्हा त्याची बायको लुलवा नाकाला ओढणी लावून म्हणाली, "हिला वास कसला येतोय? कुणी एरंडेलात टायर तळलंय का?"

"इंधनात एरंडेलच असतं, बाई."

"मग ती गच्चीवर जाईल. नाहीतर तू जाशील."

बोट गच्चीवर गेली आणि तिच्यामागोमाग घानिमही. चार महिने तो तिला सोडून उठला नाही. आधीच्या मालकानं भोकं पाडून लांबी भरून ठेवली होती, ती सगळी त्यानं खरवडून काढली. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून तळ घासला, इतका की नख फिरवलं तरी कुठे अडकत नव्हतं. इंजिन बसवलेली जागा तिरकी होती म्हणून पंख्याचा दांडा घासत होता. त्यानं इंजिनाखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून ते केसभर उचललं. पंख्याची पाती कानशीनं घासून वस्तऱ्यासारखी केली. सायलेन्सरची नळी नवी केली आणि दर खेपेला तिळाएवढी कापून आवाज ऐकत बसला. शेवटी इंजिन असं किंचाळायला लागलं की शेजारच्या बाईनं भिंतीवरून लुलवाला विचारलं, "उम्म शाहीन, घरी कुणाला मारहाण चाललीय का?"

एकच गोष्ट त्याच्या मनासारखी होईना. रेडिओच्या लहरी पकडणारी एरियलची लांब तार सायलेन्सरच्या नळीला टेकून दोनदा करपली. तेव्हा त्यानं ती वीतभर ठेवून बाकीची कापून टाकली आणि आतून चिकटवली. त्यानंतर खाडीत चाचणी घेताना लांबच्या वळणावर इंजिन आपोआप मिटायला लागलं. बोटीत काडेपेटीएवढी एक डबी होती. रिमोटचा संदेश तुटला की ती इंजिनाची हवा बंद करायची, म्हणजे बोट बेभान धावू नये. ती डबी सारखी मध्ये पडत होती. घानिमनं ठरवलं की डबी जुनी झाली आहे. एरियलकडे त्याचं लक्षच गेलं नाही, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. पण लक्ष गेलं होतं. गुरुवारी संध्याकाळी त्यानं डबी उपटली आणि पान्यांच्या खणात टाकली. शर्यत दुसऱ्या दिवशीच होती.

शुक्रवारी खाडीवर सगळे जमले होते. दोन रिमोट एकाच नंबरवर चालू राहिले तर लहरी एकमेकींवर आपटतात, म्हणून तिथे एक फळी होती आणि तिच्यावर नंबर लिहिलेले कपड्यांचे चिमटे. आपल्या नंबरचा चिमटा कॉलरला लावल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही, हा नियम. घानिमचा नंबर तीन.

बंद पडलेल्या बोटी आणून द्यायला खमीस होता. लोक त्याला नाखवा म्हणत. सत्तरी ओलांडलेला, उभी हयात माशांच्या जाळ्यांत गेलेली. कमरेला लुंगी, डोक्याला रुमाल. छोटी होडी वल्हवत जायचा आणि बोट काखोटीला मारून आणताना मालकाची यथेच्छ टर उडवायचा.

घानिमची बोट सुटली आणि पहिल्या दोन फेऱ्यांत तिनं सगळ्यांना मागे टाकलं. काठावर माणसं ओरडत होती, "डॉक्टर! डॉक्टर!" तिसऱ्या फेरीला लांबच्या वळणावर घानिमनं सुकाणू फिरवलं, तर बोट वळली नाही. त्यानं इंजिन मिटवायला रिमोटची काडी ओढली, तेही झालं नाही. बोट पूर्ण वेगात सरळ गेली. तिकडे नाखवा मांडीभर पाण्यात उभा राहून कुणाचीतरी बोट होडीत ठेवत होता. आवाजानं तो वळला आणि तोंड वाचवायला त्यानं उजवा हात पुढे केला.

पंख्यानं त्याचा तळवा मनगटापर्यंत उघडला.

माणसं कपड्यांनिशी पाण्यात धावली. कुणीतरी डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या हाताला आवळला आणि दोघांनी त्याला गाडीत घातलं. घानिम अजून काठावरच होता, हातातल्या काड्या दाबत. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, मकीच्या रिमोटची एरियल वर आहे बघा!"

मकी भट्टीवाला. चाळिशीचा, रोटी भाजणारा, लांबच्या गावाहून मुहर्रकला आलेला. खाडीवरच्या या बोटींच्या क्लबात येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. तो बाकावर आपल्या बोटीचं सुकाणू जुळवत होता आणि त्याच्या कॉलरला चिमटा नव्हता.

"माझा नंबर चार आहे," मकी म्हणाला. "चार नंबर कुणाचाच चालू नव्हता, म्हणून म्हटलं..."

"दाखव क्रिस्टल."

रिमोटचा नंबर ज्यावरून ठरतो, त्या क्रिस्टलवरचा आकडा झिजून पुसला गेला होता.

क्लबाचे प्रमुख बू सबाह, कस्टममधून निवृत्त झालेले, घानिमकडे वळले. "डॉक्टर, तू सांग. लहरी आपटल्या ना?"

घानिमनं मकीकडे पाहिलं नाही. "तसंच असणार," तो म्हणाला.

एवढंच बोलला. बाकीचं इतरांनी केलं. "चिमटा लावायचा शहाणपणा नाही, अन् निघालेत बोटी चालवायला! तू पीठ मळ, बाबा." मकीनं सामान गोळा केलं. दोनदा खाली पाडलं, दोनदा उचललं. जाताना म्हणाला, "नाखव्याला कुठल्या इस्पितळात नेलंय, तेवढं तरी सांगा." कुणी सांगितलं नाही.

घरी येताना घानिमनं स्वतःची समजूत घातली. मकीनं चिमटा लावला नव्हता हे तर खरं. शेजारच्या नंबरचाही थोडा त्रास होतो म्हणतात. पण हातांना सवय होती, दोष शोधल्याशिवाय ते गप्प बसत नसत. शनिवारी त्यानं बोट रिकाम्या किनाऱ्यावर नेली, वाळूत ठेवली आणि रिमोट घेऊन एकेक पाऊल मागे गेला. आसपास चिटपाखरू नव्हतं. चाळिसाव्या पावलाला बोटीचं सुकाणू थरथरायला लागलं. पन्नासाव्याला त्यानं ऐकणंच सोडलं. लांबचं वळण काठापासून सत्तर पावलांवर होतं.

तो वाळूत बसून राहिला. कारखान्यात एखाद्या पोऱ्यानं असं केलं असतं, तर आपण त्याला सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं, हे त्याला माहीत होतं.

तरी तो बोलला नाही. एक आठवडा गेला, मग दुसरा, असे आठवडे जात राहिले. खजूर आणि हलवा घेऊन तो नाखव्याला भेटायला गेला. नाखव्याची तीन बोटं वळत नव्हती. त्यानं डाव्या हातानं घानिमचा हात धरला. "तू आलास, पोरा. तुझी बोट होती म्हणून तुला वाईट वाटत असेल. तुझा काय दोष? त्या भट्टीवाल्यालाही मी माफ केलंय, तू मनाला लावून घेऊ नकोस." घानिमनं कॉफीचा पेला तोंडाला लावला, तो कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही.

रोटी आणायला तो आता दोन गल्ल्या पलीकडे जाऊ लागला. लुलवानं एक तुकडा मोडला आणि ताटात टाकला. "ही काय रोटी आहे? चप्पल शिवायला घे. मकीच्या भट्टीला काय झालं?"

"गर्दी असते."

"वीस वर्षं गर्दीच असते, आधीचा भट्टीवाला होता तेव्हापासून. तुला काय झालं ते सांग."

तो गच्चीवर गेला. दुसऱ्या दिवशी लुलवाला ताप होता. तिनं रोटी मागितली आणि कुठली ते नाव घेऊन सांगितलं. घानिम मकीच्या दारात रांगेत उभा राहिला. रांगेत सहा माणसं असतील. मकीनं त्याला पाहिलं आणि भट्टीतून गरम रोट्या काढून वेगळ्या कागदात गुंडाळल्या.

"बू शाहीन, एक काम कराल? ह्या चार नाखव्याकडे द्याल? रोज मी स्वतः दाराशी ठेवून येतो. आत जायला पाय उचलत नाही. आज पीठ उशिरा आलं."

"रोज?"

"मग काय करू?" मकी खालच्या आवाजात म्हणाला. "त्या दिवशी चार नंबरच होता, अशी माझी खात्री होती. आता नाही राहिली. क्रिस्टल मीही जुना घेतला होता, तीनचाही असेल. म्हाताऱ्याचा हात गेला, माझ्यामुळे. झोपेतसुद्धा मी चिमटा शोधत असतो."

आपण गप्प बसलो, इतकंच त्याला आजवर वाटत होतं. इथे एक निर्दोष माणूस स्वतःला दोषी मानायला लागला होता. त्यानं कागदातल्या रोट्या फळीवर परत ठेवल्या.

"मकी, तू काही केलेलं नाहीस," तो म्हणाला. रांगेतल्यांना ऐकू जाईल एवढा आवाज त्यानं मुद्दाम काढला. "एरियल मी कापली होती. इंजिन बंद करणारी डबी मी काढून ठेवली होती. घरी खणात पडलीय. मला दुसऱ्याच दिवसापासून माहीत आहे."

दुसऱ्याच दिवसापासून, हेही खोटं होतं हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. "आधीपासून," त्यानं सुधारलं.

मकीच्या हातातली लांब सळई तशीच राहिली. भट्टीत एक रोटी काळी पडली. "सहा आठवडे झाले, बू शाहीन," तो म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग त्यानं पुढच्या माणसाला विचारलं, "किती देऊ?"

त्या शुक्रवारी घानिम डबी आणि कापलेली तार घेऊन खाडीवर गेला आणि फळीसमोर उभा राहून सगळं बोलला. बू सबाह म्हणाले, "अरे, मी तुला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं." वर्षभर घानिमनं बोट पाण्यात घालायची नाही असं ठरलं, आणि मकीच्या घरी माफी मागायला चार जण गेले. मकीनं त्यांना चहा पाजला, पण क्लबात तो परत आला नाही. बोट त्यानं कधीच देऊन टाकली होती.

नाखव्याकडे जाणं सगळ्यात अवघड गेलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "मी तुझा हात धरला होता," तो म्हणाला. "तेव्हा सांगायला काय झालं होतं? हात कापला त्याचं मी काही म्हणत नाही. समुद्रात हात कापतात. पण त्या भट्टीवाल्याला माझ्या तोंडून माफ करून घेतलंस तू." आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. रमजान आला, ईद झाली, तेव्हा कुठे त्यानं घानिमच्या सलामाला उत्तर दिलं.

क्लबानं एक नवा नियम केला. शर्यतीआधी प्रत्येक बोट सत्तर पावलांवर नेऊन तपासायची, रिमोट बंद करून इंजिन मिटतं का तेही बघायचं. या तपासणीला कुणी नाव दिलं नव्हतं, ते आपोआप पडलं. "थांब रे, तुझा घानिम झाला का?" "माझे दोन घानिम झाले, सोड आता!" अगदी नवे आलेले, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, तेही तेच म्हणायचे.

वर्ष संपल्यावर घानिम परत गेला. पहिल्या दिवशी एका परक्या माणसानं त्यालाच विचारलं, "काका, हा घानिम कसा करायचा?" आजूबाजूचे एकदम आपापल्या बोटींवर वाकले. घानिमचे कान तापले. मग त्यानं त्या माणसाची बोट उचलली, एरियलची तार शेवटापर्यंत बोटांनी चाचपून पाहिली आणि पावलं मोजत लांब जाऊ लागला.