साठ दिवसांच्या सुट्टीतलं कर्ज

आमचे हे फौजेत हवालदार. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्यातले एकत्र किती दिवस काढले ते मोजायला बसलं की जीव खट्टू व्हायचा. त्या वर्षी ते साठ दिवसांची सुट्टी घेऊन आले ते घर घ्यायचंच असं ठरवून. विश्रांतवाडीत, माझ्या भाड्याच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर मी दोन खोल्यांचा फ्लॅट हेरून ठेवला होता. महिनाअखेरपर्यंत बँकेचं पत्र आणा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं बिल्डरने बजावलं होतं. तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपनीत चिकटलेल्या पोरांना बँका घरी येऊन कर्ज देत होत्या. यांची तर सरकारी नोकरी. आठवड्यात काम होईल, असं मी धरून चालले.

अर्ज यांनी स्वतः भरला. मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. मला हात लावू दिला नाही.

तीन आठवडे बँक हूं की चूं करेना. शेवटी मीच गेले. कारकुनाने अर्ज माझ्यापुढे सरकवला. सध्या राहण्याचा पत्ता म्हणून यांनी युनिटचं नाव आणि फौजी टपालाचा नंबर लिहिला होता. सरहद्दीवरचा जवान गावाचं नाव कळवत नाही. पत्र त्या नंबरावर टाकायचं, ते त्याला शोधत जातं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप तेच लिहून गेला. बँकेने घर बघायला माणूस पाठवला होता. तो बिचारा युनिटचं नाव म्हणजे एखादी सोसायटी समजून दोन दिवस आळंदी रोडवर विचारत फिरला होता.

घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. हे शांतपणे म्हणाले, पत्ता विचारला, जो होता तो लिहिला. ते खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅनेजरसमोर बसलो. मॅनेजर शब्दही मोजून खर्च करणारे. त्यांनी यांना विचारलं, विश्रांतवाडीत किती दिवस राहता? हे म्हणाले, चोवीस. आणि त्याआधी? त्याआधी सुट्टी नव्हती. मी टेबलाखालून कोपर मारलं, पण खोटं बोलेल तो फौजी कसला! मॅनेजरनी पेनाला टोपण लावलं.

"अहो, जो माणूस इथे राहतच नाही, त्याला राहायला घर कसं द्यायचं?"

मी पिशवीच उपडी केली. सहा वर्षांच्या भाड्याच्या पावत्या, गॅसचं कार्ड, मुलीच्या शाळेची पुस्तिका, सगळं माझ्या नावावर. म्हटलं, हे राहत नसतील, मी राहते. मॅनेजरनी एकेक पावती पाहिली. मग म्हणाले, अर्जात पहिलं नाव तुमचं घालू. पगार त्यांचा, पत्ता तुमचा.

"घरावरही पहिलं नाव हिचंच घाला, साहेब," हे म्हणाले. "मी तिथं सुट्टीपुरता."

हजेरी द्यावी तसं सांगितलं त्यांनी. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया दाटून आली, की मी मान वर करू शकले नाही.

महिना संपायला चार दिवस असताना पत्र मिळालं. घराचा ताबा मात्र हे परत गेल्यावर मिळाला. बुद्धवंदना झाली, शेजाऱ्यांना खीर वाटली, सगळं त्यांच्यामाघारी.

पुढच्या वर्षी ते पहिल्यांदा त्या घरात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चहा करून द्यायचा म्हणून स्वयंपाकघरात शिरले. भांडं सापडलं, पत्ती सापडली. मग ओट्यापाशी हात मागे बांधून, पाहुण्यासारखे उभे राहिले आणि संकोचून म्हणाले, साखर कुठे ठेवतेस?

मला रडूच फुटलं. ते घाबरले, म्हणाले बिनसाखरेचा चालेल. मी पदराने डोळे पुसले, पण जागेवरून उठले नाही.

"शोधा," म्हटलं. "स्वतःच्या घरात माणूस शोधून घेतो."

त्यांनी एकेक डबा उघडून पाहिला. साखर चौथ्या डब्यात होती.