ब्रेक दाबला की विझणारे दिवे

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, हुबळीत कापडाचं दुकान चालवतात आणि उरलेल्या वेळात जुन्या गाड्यांचे जाणकार असतात. जाणकार व्हायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला, त्याचे अध्यक्ष झाले, बिल्ला लावायला एक टोपी शिवून घेतली, तेवढं पुरलं. स्वतःची जुनी गाडी मात्र त्यांच्याकडे नाही. ती माझ्या वडिलांकडे आहे.

अप्पा धारवाडला वकिली करायचे. आता थकलेत. मळमड्डीत आम्ही दोघंच राहतो. ही गाडी त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतली, तिच्यावरच मला चालवायला शिकवलं, आणि नजर अधू झाल्यावर एक दिवस किल्ली मुकाट्यानं माझ्या हातात दिली. मी कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. गाडीचा रंग उडाला होता, पण ती चालत होती, थांबत होती, दिवे लागत होते. भावोजींना तेवढं पुरेसं वाटलं नाही.

"अप्पा, असली वस्तू अशी ठेवतात होय? लाज वाटते की हो बघायला," दिवाळीत जेवताना ते म्हणाले. "माझ्याकडं द्या. नवीकोरी करून देतो. आमच्या रॅलीत लोक वळून वळून बघतील."

मी नको म्हणणार होते, पण अप्पांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. जावयानं मागितलं की नाही म्हणायचं नसतं, हे त्यांच्या पिढीचं खूळ. उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडलेला हा माणूस जावयापुढं मान खाली घालून बसतो. गाडी हुबळीला गेली.

ती आणायला आम्ही दोघं गेलो तेव्हा मला ओळखू आली नाही. मूळचा रंग सायीसारखा होता. भावोजींनी तिला मिठाईच्या खोक्यासारखी लालभडक करून टाकली होती. रंगाचे थरावर थर. अप्पा जवळ जाऊन बराच वेळ हात फिरवत राहिले आणि "छान केलीत" म्हणाले. भावोजींनी टोपी सारखी केली आणि फोटो काढून घेतला. फोटोत अप्पा नव्हते.

अक्कानं चहा केला, निघायला संध्याकाळ झाली. अप्पा मागे बसले. उणकल जवळ येता येता अंधारून आलं म्हणून मी दिवे लावले. तेवढ्यात पुढची रिक्षा प्रवाशासाठी एकदम आडवी वळली. मी ब्रेक दाबला आणि मागून टायर किंचाळल्याचा आवाज आला. एक बस अगदी मागच्या काचेला चिकटून उभी राहिली. अप्पांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं.

बसचा ड्रायव्हर शेजारी बस आणून खिडकीतून ओरडला, "ब्रेक हाकिदर लैट आरतावरी! नोडकोरी!"

ब्रेक मारला की दिवे विझतात, बघून घ्या. आधी मला वाटलं, तो रागानं काहीतरी बडबडतोय. कडेला थांबून मी अप्पांना पुढं बसवलं, ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं आणि मागं जाऊन उभी राहिले. दोन्ही तांबडे दिवे मिणमिणत होते. अप्पांनी ब्रेक दाबला. ब्रेकचे दिवे लागायचे राहिले बाजूलाच, होते तेही विझले.

घरापर्यंत मी डावी कड धरून गाडी रांगवत आणली. थांबायचं असलं की खिडकीतून हात बाहेर काढायचा.

भावोजींना त्याच रात्री फोन करून सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "बल्ब असेल गं. रविवारी येतो."

रविवारी ते ग्रुपमधल्या दोघांना घेऊन आले. एक बेलूरच्या कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब, आणि एक सप्तापूरचे प्राध्यापक, ज्यांना गाडीपेक्षा तिचं चित्रण करण्यात रस होता. तिघांनाही टोप्या होत्या. त्यांनी जास्त ताकदीचे बल्ब बसवले. दिवे आणखीच मंद झाले. कारखान्याचे साहेब म्हणाले, ब्रेकच्या पायाखालचा स्विच गेलाय. तो बदलला. काही फरक नाही. मग बॅटरी म्हातारी झाली असं ठरलं, मग हवा दमट आहे असंही कोणीतरी म्हणालं. प्रत्येक शोधानंतर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि कॉफी होतीच.

दुसऱ्यांदा कॉफी देताना मी म्हणाले, "भावोजी, या गाडीत दिव्यातून परत जाणारी वीज बॉडीच्या पत्र्यातून जाते. दिव्याचं घर पत्र्याला टेकतं तिथं रंगाचा थर बसलाय. वाटच अडलीय. आधी अर्थिंग, अर्थ बघा."

भावोजी हसले. मान हलवून, लहान मुलाला हसावं तसं. "तुझं ते प्रयोगशाळेतलं वेगळं. गाडीचं वेगळं असतं."

प्राध्यापकांनी तेही चित्रित करून घेतलं. अखेर आतल्या सगळ्या तारा उपसून नव्या घालायच्या असा निकाल लागला, आणि ते पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन जातो सांगून गेले.

त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर मी अप्पांना म्हटलं, "जरा ब्रेकवर बसता?"

डिकीत आतल्या बाजूला एक बोल्ट होता. तिथं कोणाला दिसणार नाही म्हणून त्याला रंग लावायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. एका तारेचं टोक त्याला बांधलं, दुसरं दिव्याच्या धातूला टेकवलं. "दाबा अप्पा." दिवा असा लख्ख पेटला की मला डोळे बाजूला घ्यावे लागले. मग दोन्ही दिवे सोडवले, त्यांच्यामागचा रंग चाकूनं आणि पॉलिश पेपरनं उघड्या पत्र्यापर्यंत खरवडला, स्क्रू घट्ट केले. अप्पा परत परत ब्रेक दाबत होते आणि मागच्या भिंतीवर पडणारा लाल उजेड आरशात बघत होते. इतकं मोठं त्यांच्या अधू नजरेलाही दिसत होतं.

"जावईबापूंना काय सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते."

"त्यांना वाईट वाटेल गं."

"अप्पा, तुमचं कपाळ अजून काळंनिळं आहे."

मी फोन लावला. भावोजी म्हणाले, "म्हणजे अर्थच निघाला. मी म्हणतच होतो." मग घाईघाईनं, "रंग कुठं खरवडलास? बाहेरून दिसत नाही ना?"

सासऱ्याला किती लागलं, हे त्यांनी त्या रात्री विचारलं नाही, नंतरही नाही. ग्रुपवर मात्र त्यांनी अर्थ कसा तपासावा यावर लांबलचक मजकूर टाकला. अक्कानं तो मला कौतुकानं पाठवला. त्याखाली टाळ्या वाजवणारे हात मोजता येईनात.

रॅलीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, माणूस पाठवतो, किल्ली द्या. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, पण अप्पांनी हात पुढं केला आणि फोन घेतला. घसा खाकरला. कितीतरी वर्षांनी मी त्यांचा कोर्टातला आवाज ऐकला.

"जावईबापू, गाडी मिळणार नाही."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. जेवायला या केव्हाही."

फोन ठेवून ते पेपर घेऊन बसले, वाचता येत नसताना.

अक्का बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. अप्पांना मी भरीला घातलं असं तिचं म्हणणं आहे, आणि मीही ते खोडून काढलेलं नाही. भावोजी रॅलीत दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत, पुढच्या सीटवर, हात हलवत बसले होते. ते अजून अध्यक्ष आहेत.