भट्टी कधी लावता?

आमच्या गावात वीट म्हटली की ती भाजायचीच. न भाजलेली ती कच्ची, आणि कच्चं म्हणजे गरिबाचं. हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

अनसिंगच्या अलीकडे आमचं गाव. तिथलं, विहारामागचं आईचं घर मी पाडलं. भिंती पार वाकल्या होत्या, पण माती अस्सल पांढरी. शेतातली काळी माती बांधकामाला कुचकामी. पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. म्हणून पाडलेल्या भिंतींचीच माती चाळली, त्यात वाळू आणि थोडं सिमेंट घातलं आणि लांब दांड्याच्या हातयंत्रात दाबून विटा काढल्या. या विटांना विस्तव लागत नाही. सावलीत रचायच्या, ओली पोती पांघरायची, रोज पाणी मारायचं, की सिमेंट धरतं. भिंत जाड, घर थंड. वाशिमच्या उन्हाळ्यात माणसाला आणखी काय पाहिजे?

पण येणारा-जाणारा थांबून एकच विचारायचा, "भट्टी कधी लावता?" आधी मी समजावून सांगितलं. मग हसून सांगितलं. मग नुसती बघायला लागले. एक जण तर म्हणाला, "पोरगी नोकरीवाली, अन् मायले मातीचं घर!" आई मामाच्या अंगणात टिनाखाली दिवस काढत होती, पावसाच्या आत तिच्या डोक्यावर छप्पर यायला हवं होतं, आणि या लोकांना भट्टीची पडली होती.

विटा तयार झाल्या. गवंडी सोमवारी येणार होता. मी कामावर वाशिमला गेले आणि रविवारी सकाळी परत आले.

मामाच्या अंगणात राखेचा ढीग होता. पोती बाजूला फेकलेली. माझ्या सगळ्या विटा भट्टीसारख्या रचलेल्या, लालभडक, अजून कोमट. मामा पुढं आला, चेहऱ्यावर कोण आनंद!

"तुह्या मागं किती कामं, बाई. म्हटलं आपणच लावून टाकू. कपाशीच्या पऱ्हाट्या तं घरच्याच होत्या."

मी एक वीट पाण्याच्या बादलीत टाकली. ती फसफसली, तिचे पापुद्रे सुटले आणि मी उचलायला गेले तर हातात चिखल आला. सिमेंटनं धरलेलं आगीनं सोडलं होतं. दुसरी टाकली. तिसरी टाकली. आईचं अख्खं घर मामानं जाळून ठेवलं होतं, तेही मायेनं.

मग माझा तोल गेला. एवढ्यांदा सांगितलं ते काय भिंतीला सांगितलं का, कोणाला विचारून विस्तव लावला, आता पाऊस आला तर आईला कुठं ठेवू! शेजारी गोळा झाले. मामाचं तोंड एवढंसं झालं.

"भाजल्यावर ईट पक्की होते, बाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आजपावतर असंच पाह्यलं ना आमी."

"अन् मी काय सांगत होते इतके दिवस?"

"त्याच्यावर काहून ओरडून राह्यली?" आई टिनाखालून म्हणाली. "म्याच लावाले सांगतलं त्याले."

मी तिच्याकडे वळले. आता माझा आवाज आणखी चढला. तुझ्यासाठी मरमर करते मी आणि तूच माझ्या कामाला काडी लावतेस?

ती उठली नाही. रडलीही नाही.

"बोल, मले बोल," ती म्हणाली. "लगन होऊन आली ते कच्च्या घरात. तुह्या बापाचं मयत उचललं ते कच्च्या घरातून. माह्यं तरी पक्क्या घरातून उचलजो."

मला तेव्हाही तिचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. पण त्या दिवशी मी तिच्यापुढं पुन्हा आवाज काढला नाही.